रथातून खाली उतरलेला अर्जुन

सरका, आणखी थोडे सरका. खांबाजवळची जागा केव्हाच भरली आहे. तुम्हाला या सुताराच्या आणि म्हाताऱ्या गुराख्याच्या मधेच मांडी घालावी लागेल. गाव प्रवरेकाठचे नेवासे, साल शके 1212. हात सवयीने खिशाकडे जाईल, पण खिसा नाही. कमरेला नुसता पंचा आहे. दिवसभर तापलेला दगड त्यातूनही चटके देतो. घोंगड्यांचा उग्र वास, घाम, शेण, करंजेलाच्या दिव्याचा धूर, सगळे एकदम नाकात शिरते. मागे एक तान्हे रडते आहे. डास चावला तर गुपचूप मारा.

खांबाला टेकून बसलेला तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव. जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असेल. समोर थोरला भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ, शेजारी लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. गुराखी तुमच्या कानाशी लागतो, "संन्याशाची पोरं ही. आईबापानं प्रायश्चित्त म्हणून देह टाकला, तरी पोरांची मुंज लागली नाही." त्याच्या तोंडाला लसणाचा भपकारा येतो. तुम्ही पुन्हा मुलाकडे पाहता. दारोदार माधुकरी मागितलेला हा मुलगा आज गीतेचा पहिला अध्याय सांगतो आहे.

त्या अध्यायात उपदेश नाहीच. दोन्ही सैन्यांच्या मधोमध एक माणूस कोलमडतो, बस्स. तोंडाला कोरड, अंगावर काटा, कातडीची आग, हातातून निसटणारे गांडीव. समोर आजोबा, गुरू, मामा, भाऊ, नातवंडे उभी. पुष्कळांना हा अध्याय म्हणजे दुसऱ्या अध्यायाकडे जाण्याचा उंबरठा वाटतो. मला तसे कधीच वाटले नाही. अर्जुन जीव तोडून बोलत असतो आणि त्याचे पुरते सांगून होईपर्यंत कृष्ण त्याला मधे तोडत नाही. दुःखाला एवढी मोकळी जागा देणारी पोथी जवळ असणे, हा केवढा आधार आहे!

आता नीट ऐका, भुंगा आला. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत मात्र अडकतो, असे ज्ञानदेव सांगतात. जीव गेला तरी तो पाकळी चिरत नाही; माया तशीच, कोवळी खरी पण तोडायला कठीण. सुताराने मान वर केली. भुंग्याने पोखरलेले वासे त्याने उभा जन्म पाहिले आहेत. त्या गोल भोकांत करंगळी जाते, खाली पिवळट भुशाचा ढीग पडलेला असतो. त्याचा हात नकळत मांडीवर भोक चाचपल्यासारखा फिरतो. घरातले कोण गेले असेल त्याचे? विचारू नका. त्याने पंच्याच्या टोकाने नाक पुसले, तेवढे पुरे.

मग शेवट येतो. मूळ गीतेत अर्जुन धनुष्यबाण टाकून रथातच बसतो. हा मुलगा मात्र त्याला रथातून खाली उडी घ्यायला लावतो. गहिवर आवरत नाही, डोळ्यांचे पाणी थांबत नाही आणि धनुर्धर भुईवर येतो. तुमच्या अंगावर सर्रकन काटा येतो, कारण भुईवर तर तुम्ही सगळेच बसला आहात. एवढा वेळ लांबच्या रणांगणात असलेला राजपुत्र या घामट दाटीत, सुताराच्या पातळीला आला. स्वतःच्या आईबापांबद्दल मुलगा एक अक्षर बोलत नाही. पण ती उडी त्याला कुठून सुचली असेल, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

लेखणी थांबते. लोक गुडघे चोळत उठतात, कुणाची घोंगडी कुणाच्या पायाखाली सापडते, गायी बांधायला उशीर झाला म्हणून एकच गलका उडतो. तान्ह्याची आई गर्दीतून वाट काढत विचारते, "मग देव काय म्हणाला त्याला?"

"ते पुढच्या अध्यायात," गुराखी म्हणतो. सुतार तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. तळवा खरखरीत, लाकडाच्या भुशाने माखलेला.

"उद्या लवकर या, पाव्हणं. मी जागा धरतो."