कोकण रेल्वे आणि पाऊस : वाहतूक व्यवस्थेच्या हवामान-अनुकूलनाचा ऐतिहासिक आढावा (१९९०–२०२५)

प्रस्तावना :

रस्ता, पूल अथवा लोहमार्ग उभारताना त्या प्रदेशातील मागील वर्षांच्या पावसाची व पुराची नोंद प्रमाण मानली जाते. जे पूर्वी घडले, त्याच मर्यादेत पुढेही घडेल, हे त्यामागील गृहीतक होय. हवामान बदलामुळे हे गृहीतकच डळमळीत झाले आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. या पार्श्वभूमीवर कोकण रेल्वेने पावसाशी कसे जुळवून घेतले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मार्गाची उभारणी :

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० कि.मी.चा मार्ग उभारण्यात आला व २६ जानेवारी १९९८ पासून तो संपूर्णपणे खुला झाला. सह्याद्रीचे फाटे आणि पश्चिमवाहिनी नद्या ओलांडण्यासाठी नव्वदहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल आणि डोंगर कापून केलेली खोल कटिंगे आवश्यक ठरली. गोव्यातील पेडणे येथील बोगद्याने तर मऊ, पाणी धरणाऱ्या मातीमुळे अभियंत्यांची कसोटी पाहिली. म्हणजेच पाणी आणि भुसभुशीत भूस्तर हा प्रश्न या मार्गाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत होता.

अपघात आणि उपाययोजना :

२२ जून २००३ रोजी रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर विशेष गाडी आदळून ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी १६ जून २००४ रोजी करंजाडी ते वीर दरम्यान मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच कारणाने घसरली व पुन्हा जीवितहानी झाली. या दोन दुर्घटना कोकण रेल्वेच्या इतिहासातील निर्णायक टप्पा मानाव्या लागतील. त्यानंतर सुरक्षिततेच्या उपायांवर विशेष भर देण्यात आला. कटिंगांचे उतार कमी करणे, दरडींवर लोखंडी जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गस्त वाढविणे, स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक राबविणे आणि मुसळधार पावसात वेग ताशी ४० कि.मी.पर्यंत खाली आणणे, ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे होत. पुढे काही स्थानकांवर पर्जन्यमापक, उंच पुलांवर वायुवेगमापक आणि काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पूरसूचक यंत्रणाही आल्या.

या उपायांचे महत्त्व एका तुलनेने स्पष्ट होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील १९२८ चा दगडी रस्तापूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. पाणी किती चढले आहे, हे वाहनचालकांना सांगणारी कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती. पूल पडणे हे एक संकट. परंतु तो पडल्यावरही वाहने त्याकडे येत राहणे हे त्याहून मोठे संकट होय.

बदललेले संकट :

पुढील काळात मात्र संकटाचे स्वरूप बदललेले दिसते. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या महापुरात वाशिष्ठीच्या पाण्यामुळे वाहतूक थांबवावी लागली. जुलै २०२४ मध्ये पेडणे बोगद्यात पाणी व चिखल शिरला आणि काही दिवसांतच दिवाणखवटीजवळ दरड कोसळली. २००३ सारखी प्राणहानी या प्रसंगी झाली नाही, हे उपाययोजनांचे यशच म्हणावे लागेल. तथापि कटिंगांवरील दगडांसाठी योजलेले उपाय बोगद्यातील झिरपा आणि नद्यांचा फुगवटा यांना पुरे पडत नाहीत. मार्ग बहुतांश एकेरी असल्याने एका ठिकाणचा अडथळा संपूर्ण किनारपट्टीची वाहतूक खंडित करतो.

२०२५ चे वर्ष या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असणारा पावसाळी वेळापत्रकाचा कालावधी, पायाभूत कामे झाल्याच्या आधारे, १५ जून ते २० ऑक्टोबर असा कमी करण्यात आला. त्याच वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजी, म्हणजे सरासरी तारखेच्या सोळा दिवस आधी, मुंबईत पोहोचला. एका वर्षावरून हवामानाचा कल ठरविता येत नाही, हे खरे. परंतु तारखेवर आधारलेली सुरक्षितता किती तोकडी पडू शकते, हे त्यावरून लक्षात येते.

निष्कर्ष :

कोकण रेल्वेचे अनुकूलन हे प्रामुख्याने दुर्घटनोत्तर राहिले आहे. प्रत्येक उपाय घडून गेलेल्या संकटाला उत्तर देतो, येऊ घातलेल्या संकटाला नव्हे. यापुढे वेगमर्यादेचा निर्णय दिनदर्शिकेऐवजी प्रत्यक्ष पर्जन्यमानाशी जोडणे आणि जुने बोगदे व पूल यांची नव्या पर्जन्यनोंदींच्या आधारे फेरतपासणी करणे अगत्याचे आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. विलीनीकरणाने निधीचा मार्ग सुकर होईलही. मात्र दोन दशकांत प्राणांचे मोल देऊन मिळविलेले स्थानिक भूस्तराचे व पावसाचे ज्ञान त्या प्रक्रियेत हरवणार नाही, याची दक्षता घ्यावी लागेल.