राष्ट्रकूट कोणाचे? होय, नाही आणि आणखी पाच

राष्ट्रकूट मराठी की कानडी? बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवे असते. आम्हा कारकुनांना याची सवय आहे. अर्जावर दोनच चौकटी, 'होय' आणि 'नाही'. एकीत खूण करायची.

या चौकटींचेही गणित आहे. 'होय' म्हणजे (१,०) आणि 'नाही' म्हणजे (०,१) असे सदिश, म्हणजे व्हेक्टर, मानायचे. नकार ही एक सारणी, म्हणजे मॅट्रिक्स: वरच्या ओळीत ०,१ आणि खालच्या ओळीत १,०. तिने गुणले की होयचे नाही होते, पुन्हा गुणले की परत होय. उरुग्वेच्या एदुआर्दो मिस्राजी यांनी १९९२ साली अशा तर्कशास्त्रावर निबंध लिहिला.

आता मालखेडला चला. कलबुर्गी जिल्ह्यातले हे गाव म्हणजेच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. अमोघवर्षाच्या कारकिर्दीत, सुमारे ८५० साली, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. काही वस्तूंतून एक, दोन, तीन अशा निवडी किती होतात याचा सर्वसाधारण नियम त्यात आहे. उदाहरण सहा रसांचे. त्यांची एकूण मिश्रणे होतात ६३.

हाच नियम जैनांच्या स्याद्वादाला लावून पाहा. तिथे मूळ विधाने तीन: 'आहे', 'नाही' आणि 'सांगता येत नाही'. एकेकटी तीन, जोड्या तीन, तिन्ही मिळून एक. झाले सात! हीच सप्तभंगी. तीन घरांचा सदिश मांडला तर (०,०,०) म्हणजे मौन. ते वगळून बरोबर सातच उरतात. सप्तभंगी महावीराचार्यांच्याही आधीची. सदिशांची मांडणी मात्र आजची, ती त्या काळावर लादू नये.

यातला (१,१,०) म्हणजे गोंधळ नव्हे. घडा घडा म्हणून आहे, वस्त्र म्हणून नाही. दोन्ही खरे, फक्त कोणत्या दृष्टीने ते सांगायला हवे.

मग राष्ट्रकूट कोणाचे? वेरूळचे कैलास लेणे पहिल्या कृष्णाच्या काळातले, ते आज महाराष्ट्रात. अमोघवर्षाच्या दरबारातला 'कविराजमार्ग' कानडी. महावीराचार्यांचा ग्रंथ संस्कृत. दहाव्या शतकात पुष्पदंताने मान्यखेटातच अपभ्रंशात 'महापुराण' रचले. आपल्या गोव्यावर राज्य करणारे शिलाहारही त्यांचेच मांडलिक. भूमीच्या दृष्टीने एक उत्तर, भाषेच्या दृष्टीने दुसरे.

हा अर्ज माझ्याकडे आला तर मी दोन्ही चौकटींत खूण करीन. साहेब परत पाठवतील... पाठवोत बापडे!