फीडबॅक नसलेली पेटी



ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना कॉम्प्युटरच्या टेबलाखालची ती जड, गरम, सतत घूं घूं करणारी लोखंडी पेटी आठवत असेल. सीव्हीटी, म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. सांगलीत बाबांच्या डीटीपीच्या दुकानात होती. थंडीत मांजर तिलाच चिकटून झोपायचं.

शिकागोच्या जोसेफ सोला यांनी १९३८ मध्ये हा प्रकार काढला. गंमत म्हणजे आउटपुट मोजून चूक सुधारणारं, म्हणजे फीडबॅकचं, यात काहीच नाही. ट्रान्झिस्टर यायलाच अजून नऊ वर्षं होती! प्रायमरी आणि सेकंडरी एकाच गाभ्यावर पण लांब लांब, मध्ये चुंबकीय शंट, सेकंडरीकडे एक कपॅसिटर. मेन्सच्या फ्रिक्वेन्सीला तिथे रेझोनन्स येतो, गाभ्याचा तेवढा भाग सॅच्युरेट होतो, आणि मग इनपुट वाढलं तरी तिथला फ्लक्स फारसा वाढूच शकत नाही. संध्याकाळी शेतीचे पंप सुरू झाले की दुकानात १८० व्होल्ट यायचे, पेटीतून मात्र २२०-२३०.

फ्लक्स अडकलेला, म्हणजे आउटपुट ठरवणार कोण? फ्रिक्वेन्सी. ती एक टक्का हलली की आउटपुट साधारण दीड टक्का हलतं. (म्हणून इथली ६० हर्ट्झची सीव्हीटी कोणी भारतात नेऊ नये.) त्या काळी आपल्याकडे संध्याकाळी ग्रिड ४९ हर्ट्झच्याही खाली जाई. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात एबीटी आलं, विजेचा दर फ्रिक्वेन्सीशी जोडला गेला, तेव्हा कुठे ती सुधारली. तरी ग्रिडचं एक-दोन टक्क्यांचं चालून जायचं.

जनरेटरचं नाही चाललं. लोडशेडिंगला कंटाळून बाबांनी रॉकेलवरचा छोटा जनरेटर घेतला. पेटी विकणारा गल्लीतला मेकॅनिक म्हणाला होता, "काका, याच्यावर सीव्हीटी लावू नका." बाबांनी लावली. झेरॉक्स मशीन तापायला लागलं की जनरेटर दमायचा, वेग उतरायचा, आणि पेटी इमानेइतबारे व्होल्टेज खाली आणायची. कॉम्प्युटर रीस्टार्ट. ऐन लग्नसराईत एका रात्रीत तीन पत्रिका उडाल्या. बाबांनी पेटी त्याच्या दारात नेऊन टाकली, दुरुस्तीचे राहिलेले पैसेही दिले नाहीत. बोलणं बंद.

पुढे एसएमपीएस स्वतःच १०० ते २४० व्होल्ट सांभाळू लागले आणि सीव्हीटी घरांतून गेली. फीडबॅक जिंकला असंच मी धरून चाललो होतो. मग आमच्या डेटा सेंटरमध्ये ४८ व्होल्टचे रॅक आले. (गूगलने २०१६ मध्ये आपलं ४८ व्होल्टचं डिझाइन खुलं केलं, त्याच वळणाचे.) त्यातल्या ४८ चे १२ करणाऱ्या मॉड्यूलची डेटाशीट चाळली, तर रेझोनंट सर्किट, ठरलेली फ्रिक्वेन्सी आणि फीडबॅक शून्य! व्हायकॉर कंपनीने २००३ मध्ये असलेच कन्व्हर्टर आणले होते. रेझोनन्सच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीला कॉइल आणि कपॅसिटरचा विरोध एकमेकांना खाऊन टाकतो, म्हणून लोड कितीही बदलला तरी ४:१ चं गुणोत्तर जवळपास तसंच राहतं. सीव्हीटीसारखं हे इनपुटचे चढउतार मात्र गिळत नाही. ४८ चे ५२ झाले की १२ चे १३ होणार. ती काळजी आधीच्या किंवा नंतरच्या टप्प्याने घ्यायची. आणि फ्रिक्वेन्सी सरकली तर इथेही गणित बिघडतं.

तेव्हा मला तो जनरेटर आठवला. रविवारी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचे दोनशे रुपये राहिलेत. मुलगा बसतो आता दुकानात, उद्या देऊन येतो."