बोगद्याअलीकडची जीप

नाशिकमध्ये घरच्या घरी ऑफरोड शर्यतीची गाडी बांधायला घेतली, की तिची सुरुवात बहुधा जुन्या जीपपासून होते. अमेरिकेत याच जातीची गाडी अनेकदा वाळवंटात सुसाट पळण्यासाठी बांधतात. सह्याद्रीच्या कुशीत तसे वाळवंट नाही. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात चिखल, बेसॉल्टचे धोंडे आणि अंगावर येणारा चढ आहे. तिथे वेगापेक्षा चाकाची पकड आणि इंजिनाची ओढ कामाला येते, आणि या दोन्हींसाठी जीपची बनावट मुळातच योग्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. रणभूमीवर साध्या पान्यांनी दुरुस्त होईल अशी गाडी लष्कराला हवी होती. भारतात महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे भाग इथेच बनू लागले. १९५३ मध्ये विलीजने आणलेल्या सीजे-३बी या मॉडेलचे इंजिन उंच होते, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. युद्धकाळातली ती ‘लो बॉनेट’ आणि ही ‘हाय बॉनेट’, असा फरक जीपवेडे आजही करतात. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपही लिलावातून बाजारात येत. नाशिकला लागूनच देवळालीची छावणी आणि तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे ही गाडी इथल्या माणसाच्या नजरेतली होती.

जीप घरी खोलता येते याचे कारण तिच्या सांगाड्यात आहे. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर नटबोल्टने बसवलेली बॉडी, पुढे-मागे अखंड धुरा आणि त्यांवर पाट्यांचे सस्पेन्शन. बॉडी उचलून बाजूला ठेवली, की उरलेली गाडी जशीच्या तशी चाकांवर उभी राहते. नंतरच्या बहुतेक मोटारींत बॉडी हीच चासी असते. तिथे असे काही करता येत नाही. दुसरी गोष्ट ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या जादा गिअरपेटीची. सीजे-३बीत लो रेंजचे गुणोत्तर २.४६, पहिल्या गिअरचे सुमारे २.८ आणि धुऱ्याचे ५.३८. या तिन्हींचा गुणाकार केला, तर चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला सुमारे ३७ फेरे घ्यावे लागतात. म्हणून अवघ्या सत्तरेक अश्वशक्तीची गाडी माणसाच्या चालीने धोंड्यावर चढते, आणि ती चढताना क्लच जळत नाही.

या गाडीशी नाशिकचा धंद्याचा संबंध जुळला तो नंतर. १९८० च्या दशकात महिंद्राचा इगतपुरीला इंजिनांचा आणि नाशिकला गाड्यांचा कारखाना उभा राहिला. प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २.१ लिटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले आणि एके काळी पेट्रोलवर चालणारी ही खादाड गाडी शेतकऱ्याला परवडू लागली. पुढे बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) नाशिकमधूनच बाहेर पडल्या. शहरात मायको कंपनीचा कारखाना डिझेल इंजिनांचे नॉझल बनवत होता. ओझरला १९६० च्या दशकापासून लढाऊ विमाने बनत होती. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत या मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारी शेकडो लहान युनिट्स होती: लेथ, मिलिंग, शीट मेटल, हीट ट्रीटमेंट. शहराची खरी श्रीमंती हीच. धुऱ्याचा तुटलेला शाफ्ट मोजून तसाच नवा करून देणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांवर असणे, ही सोय फार थोड्या शहरांना मिळाली आहे.

नाशिकमधल्या इंदिरानगरची जागा या दृष्टीने पाहावी. मुंबई-आग्रा महामार्गाच्या पूर्वेला ही वसाहत, पश्चिमेला सिडको आणि त्यापुढे अंबड. मध्ये महामार्गाखालचा इंदिरानगरचा बोगदा. वसाहतीत बंगले आणि रो-हाउस, म्हणजे स्वतःचे पार्किंग. पलीकडे लेथवाला आणि वेल्डर. गाडी अलीकडे खोलायची आणि भाग पलीकडे न्यायचे, अशी या कामाची सरळ वाटणी होते.

कामाचा पहिला टप्पा खोलण्याचा आणि ओळख पटवण्याचा. गंजलेले बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजवून सोडवतात. चासीला रंगाखाली तडा आहे का, हे वायर ब्रशने घासल्यावरच कळते. मग पाटे बदलायचे किंवा वाढवायचे, चाके मोठी घालायची. पाटे वाढवून गाडी उंचावली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर तुटतात. एका बदलापाठोपाठ दुसरा करावाच लागतो. एक चाक हवेत गेले की साध्या डिफरन्शियलमुळे सगळी ताकद त्याच मोकळ्या चाकात वाया जाते. म्हणून कोणी दोन्ही चाके एकत्र फिरवणारा लॉकर बसवतो; पैसे कमी असले तर आतली दातरी चाके वेल्ड करूनच टाकतो. अशी गाडी चिखलातून निघते, पण डांबरी वळणावर टायर घासत आणि धुऱ्यावर ताण देत जाते.

सर्वांत जास्त काळजी रोल केजला, म्हणजे पोलादी पाइपांच्या पिंजऱ्याला लागते. आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघाच्या (एफआयए) नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर जाडीचा सीमलेस पोलादी पाइप चालतो. पाइप वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडली, तर तो टाकून द्यावा. जोडाच्या टोकाला चंद्रकोरीसारखी खाच घासून घ्यायची, म्हणजे दुसऱ्या पाइपाला ती फट न ठेवता बसते. आधी सगळीकडे टाके मारायचे, माप पुन्हा तपासायचे, मग समोरासमोरच्या जोडांवर आलटून पालटून वेल्डिंग करायचे. एकाच बाजूने सलग ओढत नेले, तर उष्णतेने पिंजरा तिरका होतो. गाडी उलटली, तर आतल्या माणसाचा जीव या जोडांवर असतो. म्हणून इथे घरगुती हौसेचे काम पुरे पडत नाही. वेल्डर अनुभवीच हवा.

घरच्या शेडमधून शर्यतीत उतरण्याची ही परंपरा कॅलिफोर्नियातही अशीच सुरू झाली. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये आपल्या गॅरेजमध्ये फोक्सवॅगनच्या भागांवर फायबरची बग्गी बांधली, आणि १९६७ मध्ये मेक्सिकोतल्या पहिल्या बाहा शर्यतीत त्याच जातीची बग्गी पहिली आली. या शर्यतीचे नाव पुढे विद्यार्थ्यांच्या स्पर्धेने घेतले. भारतातली बाहा स्पर्धा २००७ पासून पिथमपूरला भरते, म्हणजे इंदिरानगराशेजारून जाणाऱ्या आग्रा रस्त्याच्याच दिशेने, इंदूरजवळ. सगळ्या संघांना इंजिन एकसारखेच मिळे, म्हणून मुलांची हुशारी चासी आणि सस्पेन्शनमध्ये दिसे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पाइप वाकवायला आणि जोडायला शिकलेली एक पिढी या स्पर्धेने तयार केली.

हौशी चालकांसाठी महिंद्राने १९९६ मध्ये ‘ग्रेट एस्केप’ ही ऑफरोड मोहीम सुरू केली आणि पुढे इगतपुरीजवळ ऑफरोड प्रशिक्षणाची जागा काढली. २०१४ पासून गोव्याच्या पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरू लागले. मूळच्या मलेशियन असलेल्या या स्पर्धेत विंच, दोरखंड आणि सहचालकाची मेहनत यांना वेगापेक्षा जास्त मोल आहे.

या सगळ्यावर मर्यादा कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्यामुळे नाशिकच्या एमएच-१५ क्रमांकाची, उंचावलेली, पिंजरा घातलेली जीप रस्त्यावरून चालवत स्पर्धेला नेणे बेकायदा ठरते. ती ट्रेलरवर चढवून, चारही चाके पट्ट्यांनी बांधून न्यावी लागते.