मीठ, साखर आणि तांब्याची तार : अणूंना बांधून ठेवतं कोण?

मीठ आणि साखर, दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी. पण तापलेल्या तव्यावर साखर वितळून तपकिरी होते, मीठ मात्र तसंच राहतं. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. हा फरक पडतो तो रासायनिक बंधामुळे. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन हा बंध घडवतात.

आयनिक बंध : देवाणघेवाण
सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत १ इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या कक्षेत ७. सोडियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेऊन आठ पूर्ण करतो. एकावर धन, दुसऱ्यावर ऋण प्रभार येतो आणि हे आयन एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. तेच आपलं मीठ. कोरड्या मिठात आयन जागेवर जखडलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. पाण्यात ते मोकळे होतात आणि वीज वाहून नेतात.

सहसंयुज बंध : भागीदारी
इथे कुणी देत नाही, कुणी घेत नाही. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात. ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९१६ मध्ये मांडली. पाणी, साखर, गोबरगॅसमधला मिथेन ही याची उदाहरणं. ऑक्सिजनच्या रेणूत दुहेरी बंध असतो, तर नायट्रोजनच्या रेणूत तिहेरी. साखर विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात, आयन तयार होत नाहीत. म्हणून साखरेचं पाणी वीज वाहून नेत नाही.

धातुबंध : सामाईक मालकी
तांब्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, ते सगळ्या धातूभर फिरतात. म्हणून तांब्यातून वीज सहज जाते. ठोकलं तर अणूंचे थर सरकतात, पण बंध टिकतो. त्यामुळेच तांब्याचा पत्रा होतो, तार निघते. मिठाचा खडा ठोकला तर फुटतो.

हायड्रोजन बंध
हा रेणू-रेणूंमधला बंध, वरच्या तिघांपेक्षा बराच कमकुवत. पण त्याच्यामुळेच पाणी १०० अंशांना उकळतं. तशाच रचनेचा हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांच्या आसपासच उकळतो. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामागेही हाच बंध आहे.

हे कळून उपयोग काय?
दहावीच्या पेपरपुरताच हा विषय नाही. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. पण नळाच्या, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, घामात मीठ असतं. म्हणजे ओल्या हातावर मोकळे आयन असतातच, शिवाय ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोधही कमी होतो. म्हणूनच मोटारीच्या स्विचला हात लावण्याआधी तो कोरडा पुसायला सांगतात.