तारीख मिळाली, पण गाडी?

"महिन्याने परत दाखवायला या," असं मी चिठ्ठीवर लिहितो. माहूरकडचा रुग्ण मान डोलावतो आणि येत नाही. गोळ्या संपतात, साखर वाढते, आणि चार महिन्यांनी तो पायाची जखम घेऊनच येतो. त्याला बेफिकीर म्हणण्याआधी त्याची वाट कशी घडली ते बघा.

सप्टेंबर १९४८ पर्यंत माहूर निजामाच्या राज्यात होतं. पैनगंगा ही सरहद्द, पलीकडे वऱ्हाड. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. रेल्वे किनवटवरून आदिलाबादकडे गेली, माहूर बाजूलाच राहिलं. डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवरचा आजारी माणूस बैलगाडीत किंवा बाजेवर, चौघांच्या खांद्यावरून निघायचा. तेही अडलेली बाळंतीण असेल, साप चावला असेल तेव्हा. नुसता रक्तदाब तपासायला कोण कुणाला बाजेवर नेणार?

पुढे एसटी आली. १९८८ मध्ये नांदेडला आणि १९८९ मध्ये यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज झालं. नांदेड माहूरहून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, यवतमाळ जवळपास निम्म्यावर. जिल्ह्याचे कागद नांदेडला, पण पाय यवतमाळकडे वळतात, ते उगाच नाही.

मग रुग्णवाहिका आल्या. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला दवाखान्यात नेणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं मोफत आहे. त्यासाठी १०२. घरी सोडण्याचा हक्क अनेकांना माहीतच नसतो, तो मागून घ्या. २०१४ मध्ये १०८ आली, पण ती जीव धोक्यात असतानाची गाडी. ठरलेल्या तारखेला तपासणीसाठी जाणारा म्हातारा या दोन्हींत बसत नाही. बाज गेली, पण बाजेच्या काळातला हिशेब तसाच राहिला: गाडी फक्त अडल्या-नडल्याला.

त्याच्यासाठी आजही एसटीच. डायलिसिस, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून. (सिकलसेल आपल्या किनवट-माहूर पट्ट्यात आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.) आजाराच्या सवलतीला प्रमाणपत्र लागतं, ते डॉक्टरांकडे मागायला लाजू नका.

आणि पुढची तारीख घेताना आधी तुमच्या गावच्या बसची वेळ सांगा. सकाळी नऊची वेळ मी देतो, तेव्हा तुमची पहिली गाडी कधी सुटते हे मला कुठे ठाऊक असतं?