पाणबुड्याचे घड्याळ
पाण्याखाली काम करणाऱ्याला बुडीचा काळ अचूक मोजता यावा व दाबामुळे यंत्रणेत पाणी शिरू नये, अशा रीतीने बनविलेले मनगटी घड्याळ. पाण्यात दर १० मी. खोलीस दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. पाणबुड्याजवळील हवेचा साठा मर्यादित असतो. तसेच खोलीवर अधिक काळ राहून तो त्वरेने वर आला, तर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होतात व ते प्राणघातक ठरू शकतात. काळाचा हिशेब चुकणे हे म्हणूनच त्याच्या जिवावर बेतणारे असते.

इतिहास : हान्स विल्सडॉर्फ यांच्या रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ हे जलरोधी घड्याळ तयार केले. त्याची चावी आट्यांनी घट्ट बसविता येई. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीझ ग्लाइट्झ हिने इंग्लिश खाडी पुन्हा पोहून जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा असे एक घड्याळ तिच्या गळ्यात होते. थंडीमुळे तिला मध्येच पाण्याबाहेर यावे लागले. घड्याळ मात्र चालू राहिले. या घटनेची मोठी जाहिरात करण्यात आली.

झाक-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या श्वसनसाधनामुळे पाणबुड्याला मुक्तपणे संचार करता येऊ लागला आणि त्याला स्वतंत्र घड्याळाची गरज भासली. फ्रेंच नौसेनेच्या लढाऊ पाणबुड्यांचे अधिकारी रोबेर मालूबिए व क्लोद रिफो यांनी काळी तबकडी, ठळक प्रकाशमान खुणा व फिरते कडे अशी अपेक्षा मांडली. ब्लांपँ कंपनीचे प्रमुख झां-झाक फिश्टर हे स्वतः पाणबुडे होते. त्यांनी १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ काढले (५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मी.). रोलेक्सचे ‘सबमरीनर’ही त्याच सुमाराचे आहे.

बुडीपूर्वी कड्यावरील शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणली की, गेलेली मिनिटे कड्यावर थेट वाचता येतात. पुढे कडे एकाच दिशेने फिरविण्याची योजना रूढ झाली. त्यामुळे धक्क्याने ते सरकले, तरी गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी दिसत नाही. अर्थात चूक सुरक्षिततेच्या बाजूने होते.

२३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्ते’ हे यान मेरिआना गर्तेच्या तळाशी गेले, तेव्हा त्याच्या बाहेर बसविलेले रोलेक्सचे प्रायोगिक घड्याळ परत आल्यावरही चालू होते. याच दशकात एक वेगळी अडचण उद्‌भवली. पाणबुडे हीलियममिश्रित वायूच्या दाबकक्षात अनेक दिवस राहू लागले. हीलियमाचे सूक्ष्म अणू घड्याळात शिरत व कक्षातील दाब उतरविताना आतील वायूच्या जोराने काच निखळे. १९६७ च्या ‘सी-ड्वेलर’मध्ये यासाठी स्प्रिंगची झडप योजण्यात आली, सेको या जपानी कंपनीने १९७५ मध्ये वायू आत शिरूच नये, अशी टिटॅनियमची रचना केली.

अशा घड्याळांसाठी १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. मात्र त्याच दशकात खोली व वेळ एकत्र मोजणारी इलेक्ट्रॉनिक साधने आली. परिणामी यांत्रिक घड्याळ हे मुख्यतः पर्यायी साधन व प्रतिष्ठेची, महागडी वस्तू बनले.

निगा : जलरोधन हा कायमचा गुण नव्हे. चावी, काच व पाठ यांजवळील रबरी कड्या कालांतराने कडक होतात. आतील तेलही सुकते. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुणे, पाण्यात चावी न उघडणे आणि गरम पाणी व साबण टाळणे इष्ट असते. दर वेळी पाठ उघडल्यावर कड्या बदलून दाबचाचणी घ्यावी लागते. घड्याळ वर्षानुवर्षे पेटीत ठेवले, तरी कड्यांचे वय वाढतच असते. काचेच्या आत बाष्प दिसल्यास ते तत्काळ कारागिराकडे नेणे आवश्यक असते, कारण गंज अल्पकाळात पसरतो.

जुन्या घड्याळांबाबत पेच पडतो. १९६० पूर्वीच्या अनेक तबकड्यांवर रेडियमयुक्त लेप असून त्याची धूळ घातक असते, म्हणून त्या अनुभवी कारागिरानेच उघडाव्यात. पूर्वी दुरुस्तीत अशा तबकड्या व काटे सर्रास बदलले जात आणि पोलादावरील ओरखडे घासून काढले जात. घड्याळ त्यामुळे वापरण्याजोगे राही. परंतु ते ज्या हातावर व ज्या पाण्यात वापरले गेले, त्याचा पुरावा पुसला जाई. म्हणून आता मूळ भाग जपले जातात व अशी घड्याळे पाण्यापासून दूर ठेवली जातात.